टेन्शनची गोळी आहे का, ताई?

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात आमचं मेडिकल आहे. गावाचं नाव लिहीत नाही. गाव लहान आहे, आणि तपशील कितीही इकडचे तिकडे केले तरी आमच्याकडे माणूस चपलेवरून ओळखतात. लातूरला डी. फार्म. केलं, लग्न होऊन इथे आले, तेव्हापासून काउंटर माझ्याकडे आणि होलसेलची धावपळ नवऱ्याकडे. काउंटरला बाई असली की बायका दोन शब्द जास्त बोलतात. पुरुषही बोलतात, पण दुकानात दुसरं गिऱ्हाईक नसेल तेव्हा.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. निदान करणं माझं काम नाही. पण डॉक्टरकडे जायच्या आधी आणि चिठ्ठी घेऊन आल्यावर, दोन्ही वेळा माणूस माझ्यासमोर उभा असतो.

"मला मानसिक आजार आहे" असं म्हणत कुणीच येत नाही. येतात ते असे: "ताई, निस्तं धडधड व्हायलंय, अॅसिडिटीचं द्या." "डोस्कं गच्च झालंय, उतरंनाच." "हातापायाची आग व्हायलीय, ताकदीचं सलाईन कुठं मिळंल?" "झोप लागंना, टेन्शनची गोळी हाय का एखादी?" अॅसिडिटीचं पॅन्टोप्राझोल, लाल टॉनिक आणि डोकेदुखीची गोळी एवढ्यावर यातले कित्येक जण वर्ष वर्ष काढतात.

'मानसिक' म्हटलं की आमच्याकडे थेट येरवडाच डोळ्यांसमोर येतो. एकटाच बडबडणारा, कपड्यांची शुद्ध नसलेला माणूस. तसे गंभीर आजार आहेतच, स्किझोफ्रेनिया आहे, बायपोलर आहे, पण ते त्या मानाने थोड्यांना होतात. मला लिहायचंय ते दुसऱ्या गटाबद्दल. त्याला सर्वसाधारण मानसिक आजार म्हणतात, आणि त्यात मुख्यतः नैराश्य आणि चिंतेचे वेगवेगळे आजार येतात. यातल्या माणसाचं भान सुटलेलं नसतं. तो शाळेत शिकवतो, फवारणी करतो, भाकरी थापतो, लग्नात अक्षता टाकतो. म्हणून तर घरातल्यांनाही पत्ता लागत नाही.

नैराश्यात माणूस रडतच असतो असं नाही. आमच्या गल्लीतले एक काका पखवाज वाजवायचे. एकादशीचं भजन चुकवलं तर पाप लागेल असं मानणारा माणूस. त्यांनी जाणं सोडलं. कुणाशी भांडण नाही, दुखणं नाही. काकू म्हणायच्या, वय झालं आता. पण पहाटे तीनला जाग येणं, निम्मी भाकरी टाकून उठणं, आंघोळीचाही कंटाळा, "माझा काय उपयोग" हे मधूनच बोलणं, हे काही वय झाल्याचं लक्षण नव्हे. मन उदास असणं किंवा आवडत्या गोष्टीतून मन उडणं, या दोनपैकी निदान एक, आणि त्याच्या जोडीला झोप, भूक, ताकद, एकाग्रता यांतली बरीच गडबड, जवळजवळ रोज, दोन आठवडे किंवा जास्त, असं असेल तर डॉक्टर नैराश्याचा विचार करतात. घरात मयत झाल्यावर चार दिवस घास न उतरणं वेगळं.

चिंतेच्या आजारात पॅनिक अटॅक सगळ्यात जास्त पैसे खातो. एक ट्रॅक्टरवाले दादा, तिशीतले, अंगाने दणकट. नायलॉनच्या पिशवीत ही जाड फाइल. ईसीजीच्या पट्ट्या घड्या पडून पिवळ्या झालेल्या, टू-डी इको, शेवटी अँजिओग्राफीसुद्धा. सगळं नॉर्मल. आणि दर वेळी तेच: बसल्या जागी छाती भरून येते, श्वास पुरत नाही, घाम फुटतो, बोटांना मुंग्या येतात आणि आता आपण मरतो याची खात्री पटते. दहा-एक मिनिटांत शिगेला जातं, मग ओसरतं. दवाखान्यात पोचेपर्यंत मशीनवर दिसण्यासारखं काही उरत नाही. 'नॉर्मल' ऐकून माणूस खूश व्हायला हवा, पण दादांना वाटायचं, आजार एवढा मोठा आहे की डॉक्टरलासुद्धा सापडंना. हे छातीचं नाही, घाबरण्याच्या यंत्रणेचं आहे, हे एका एमडी डॉक्टरांनी त्यांना अर्धा तास खर्चून समजावलं. (छातीत दुखलं तर आधी ईसीजीच. तो न काढता कुणी "टेन्शन आहे" म्हणालं तर ऐकून घेऊ नका.)

दुसरी तऱ्हा सदा काळजीची. पाऊस नाही आला तर, आला तर, पोरगं एसटीत बसलं तर, फोन उचलला नाही तर. अशी कशाची ना कशाची काळजी सहा-सहा महिने हटत नाही, मान-खांदे आखडतात, झोप तुटते. शिवाय कशाची तरी ठरावीक भीती, चारचौघांत बोलण्याची भीती. हात धुत राहणं, गॅसचं बटण पुन्हा पुन्हा बघणं, ज्याला ओसीडी म्हणतात, ते आता वेगळ्या गटात मोजतात, पण जुन्या पुस्तकांत ते चिंतेच्याच आजारांत सापडेल.

हे किती लोकांना होतं? बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. महाराष्ट्र त्यात नव्हता, शेजारचे गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड होते. दर १०० प्रौढांत साधारण १० जणांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता, आणि त्यातला मोठा वाटा याच सर्वसाधारण आजारांचा. दर २० जणांत एकाला आयुष्यात कधी तरी नैराश्य येऊन गेलेलं. मला त्यातला उपचारांचा आकडा जास्त बोचतो. सर्वसाधारण मानसिक आजार असलेल्या १०० पैकी ८५ जणांवर उपचार चालू नव्हते. ते ८५ जण कुठे असतात हे मला विचारा. ते मेडिकलवर असतात.

आता बायकांबद्दल, आणि इथे मी जरा सविस्तर लिहिणार आहे. काउंटरवर सगळ्यात हळू आवाजात सांगितली जाणारी तक्रार म्हणजे "अंगावरून पांढरं जातंय." सोबत कंबर दुखते, चक्कर येते, अंगात कस राहिला नाही. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर गोव्यात १८ ते ५० वयाच्या सुमारे अडीच हजार बायकांचा अभ्यास केला होता. नुसती विचारपूस नव्हे, जंतुसंसर्गाच्या तपासण्याही केल्या. त्यात असं दिसलं, की पांढरं जाण्याच्या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मनाच्या त्रासाशी आणि घरातल्या जाचाशी जास्त घट्ट आहे. तक्रार खोटी नव्हती. बाईला त्रास होतच होता, पण त्याचं मूळ जिथे शोधत होते तिथे नेहमी नव्हतं.

हे वाचलं तेव्हा मला आमचा जिल्हा आठवला. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढण्याचं प्रकरण गाजलं. सरकारने समिती नेमली, ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. त्यामागे कारणं पुष्कळ होती. फडात पाळीच्या दिवसांत सोय नाही, खाडा पडला की पैसे कापले जातात, 'कॅन्सर होईल' ही भीती घातली जाते. पण त्यातल्या किती जणी पांढरं जातं, कंबर दुखते, जीव घाबरा होतो एवढंच सांगायला गेल्या असतील, आणि "झोप लागते का, घरी मारहाण होते का" हे त्यांना कुणी विचारलं असेल का, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. पिशवीबरोबर अंडाशयही काढलं तर पाळी जाण्याच्या वयातले बदल अवेळीच सुरू होतात, मग घाम, झोपमोड, चिडचिड हे सगळं तिशीतच मागे लागतं. म्हणजे मनाच्या दुखण्याला आणखी एक कारण तयार. (पांढऱ्या पाण्याला वास, खाज, रक्त असेल तर तपासणी करायलाच हवी. ते मनावर ढकलू नका.)

धोका कशाने वाढतो याची पुस्तकात यादी असते. माझ्याकडे त्यातलं निम्मं उधारीच्या वहीत आहे. कर्ज हे त्यात वरचं. गोव्यातल्याच अभ्यासांत कर्ज आणि महिनाअखेरीस धान्याला पैसे न पुरणं यांचा या आजारांशी संबंध पुन्हा पुन्हा निघाला. आमच्याकडे जोडपं मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतं, दिवाळीनंतर उसाच्या पट्ट्यात जातं, पाच-सहा महिने ऊस तोडतं आणि हिशेब झाला की अंगावर बाकी निघते. पुढच्या वर्षीची उचल त्या बाकीवर चढते. पैसे कमी असण्यापेक्षा पुढच्या महिन्याचा काहीच भरवसा नसणं माणसाला जास्त पोखरतं. वर शरम. उधारी वाढली की गिऱ्हाईक आधी दुसऱ्या माणसाला पाठवतं, मग रस्त्याच्या पलीकडून जायला लागतं. माझे पैसे अडकतात ते अडकतातच, पण नेमका तोच माणूस बीपीची गोळीही बंद करतो.

बायकांमध्ये हे आजार पुरुषांच्या साधारण दुपटीने आढळतात. काही भाग संप्रेरकांचा असेल, पण सगळं त्यांच्या माथी मारणं सोयीचं आहे म्हणून मारलं जातं. नवऱ्याची मारझोड, स्वतःच्या हातात पैसा नाही, माहेरी जायचं तरी विचारून, नवरा वारला किंवा त्याने टाकलं, या गोष्टी त्याच गोव्याच्या अभ्यासात धोका वाढवणाऱ्या म्हणून आल्यात. आणि आमच्याकडे ऊसतोडीला कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडीच, लागतो म्हणून पोरीचं लग्न लवकर उरकतात. सोळाव्या वर्षी लग्न, अठराव्या वर्षी दुसरं बाळंतपण, हे मी वहीत नाही, डोळ्यांनी बघते.

बाळंतपणाचं निघालंच आहे तर. सासू ग्राइप वॉटर घ्यायला येते आणि म्हणते, "सून आळशी झालीय बघा. पोरगी रडली तरी उचलंना. सारखी डोळ्याला पदर." बाळंत झाल्यावर पहिले आठ-दहा दिवस रडू येणं पुष्कळ जणींना होतं आणि आपोआप जातं. त्यापुढेही चालू राहिलं तर ते नैराश्य असू शकतं. गोव्यातला २००२ चा एक अभ्यास आहे, त्यात बाळंत झाल्यावर दीड-दोन महिन्यांनी जवळपास चारातल्या एकीला ते होतं. हलाखी, नवऱ्याशी बिघडलेलं, आणि मुलगी झालेली असणं, त्यातही आधीची मुलगी असताना, हे धोके त्यात दिसले. मी सासूला एवढंच सांगते, "मावशी, लस द्यायला न्याल तेव्हा नर्सबाईला सुनेचंही सांगा." आळशी नाही हेही सांगते. ते पटतंच असं नाही.

दारूचं दोन्हीकडून असतं. नवरा पितो म्हणून बायको आजारी, आणि कित्येकदा नवरा पितो तो झोप लागत नाही, धडधडतं म्हणून. पुरुषाचं नैराश्य आमच्याकडे चिडचिड आणि क्वार्टर या दोन रूपांत फिरतं, त्यामुळे लोक त्याला शिव्या घालतात, डॉक्टरकडे नेत नाहीत. दारूने थोडी झोप येते आणि महिन्याभरात नैराश्य वाढतं, हे मात्र कुणी सांगत नाही.

लांबलेली दुखणीही आहेत. शुगरवाल्यांना नैराश्य इतरांपेक्षा जास्त होतं, आणि ते झालं की गोळ्या चुकतात, शुगर आणखी वाढते. थायरॉइड कमी असेल, रक्त कमी असेल, बी-१२ कमी असेल तर लक्षणं नैराश्यासारखीच दिसतात, म्हणून चांगला डॉक्टर आधी रक्त तपासतो. लहानपणी आई किंवा वडील गेलेले, लहानपणी अत्याचार सोसलेले, पोरं पुण्याला आणि दोन म्हातारी जीव वाड्यात, लातूरला नीटच्या क्लासला ठेवलेलं पोर, यांतल्या प्रत्येकावर एकेक लेख होईल. आनुवंशिकता आहे, पण लोक समजतात तेवढी नाही. जुळ्यांच्या अभ्यासांवरून नैराश्याचा तिसरा हिस्सा, फार तर थोडा जास्त, रक्तातून येतो असं मानतात. आईला होतं म्हणून लेकीला होईलच असं नाही, आणि त्यावरून सोयरीक मोडणं तर शुद्ध अडाणीपणा.

एक वाक्य मला फार राग आणतं: "तिला काय कमी आहे?" धोका म्हणजे शक्यता वाढणं. कर्जात बुडालेला माणूस ठणठणीत राहू शकतो आणि बंगल्यातली मास्तरीण आजारी पडू शकते. कमी काहीच नसताना शुगर होते, ती चालते. मनाचं दुखणं मात्र हिशेब लावून खरं-खोटं ठरवतात.

आता माझ्या ड्रॉवरकडे येते. टेन्शनची गोळी म्हणून लोक जी मागतात ती बहुतेक वेळा अल्प्राझोलाम असते. ती एच-वन यादीत, म्हणजे कडक नियमांच्या औषधांच्या सरकारी यादीत, आहे. चिठ्ठीशिवाय देता येत नाही, आणि दिली की डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध, किती गोळ्या, सगळं वेगळ्या रजिस्टरला लिहून तीन वर्षं जपावं लागतं. २०१४ पासूनचा नियम आहे. "शेजारच्या बाईची हीच गोळी हाय, एकच द्या" म्हणून भांडणारे रोज येतात. ही गोळी घेतली की अर्ध्या-एक तासात बरं वाटतं, आणि तीच मेख आहे. काही आठवड्यांतच शरीराला तिची सवय लागते, एकीच्या दोन होतात, एकदम सोडली तर धडधड, थरथर, कधी फिटसुद्धा येते. म्हणून ज्यांची आधीपासून चालू आहे त्यांनी हे वाचून उद्या बंद करू नये. डॉक्टर हळूहळू उतरवतात.

खरं औषध दुसरंच असतं. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन, फ्लुओक्सेटिन. यांची अडचण उलटी. पहिल्या आठवड्यात मळमळतं, पोट बिघडतं, कधी बेचैनी थोडी वाढते, आणि बरं वाटायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण गुण यायला जास्तच. त्यामुळे निम्मे लोक दहा गोळ्यांची पट्टी संपायच्या आत परत येतात: "ताई, लागूच पडंना, उलट मळमळायलंय." चिठ्ठी देतानाच हे कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून मी पट्टीवर पेनने 'जेवणानंतर' लिहिते त्याच्या खाली 'महिनाभर थांबा' असंही लिहिते. बेचैनी फारच वाढली किंवा मनात नको ते विचार आले तर न थांबता डॉक्टरला फोन. या गोळ्यांची नशा येत नाही, झोपेच्या गोळीसारखी चटक लागत नाही. पण बरं वाटल्यावर लगेच सोडल्या तर आजार उलटतो. बरं वाटल्यानंतरही साधारण सहा महिने ते वर्षभर घ्यायच्या असतात आणि सोडतानाही टप्प्याटप्प्याने.

आणि गोळीशिवायही उपाय आहे, तो मी विकत नाही म्हणून कमी महत्त्वाचा नाही. सौम्य आजारात समुपदेशन पुरतं. गोव्यात पटेल यांच्याच गटाने गावातल्या साध्या, डॉक्टर नसलेल्या माणसांना शिकवून दवाखान्यांत बसवलं, आणि सरकारी आरोग्य केंद्रांतल्या रुग्णांना त्याचा चांगला गुण आला. २०१० मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आपल्याकडच्या आशाताईंवर आधीच कामाचा डोंगर आहे, त्यात हेही ढकलायचं आणि मानधन तेच ठेवायचं असं मात्र होऊ नये.

जायचं कुठे, तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. जाणं जमत नसेल तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाला, फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. जीव द्यायचे विचार येत असतील, किंवा घरातलं कुणी तसं बोलत असेल, तर वाट बघू नका, त्या माणसाला एकटं सोडू नका, आणि फवारणीची औषधं घरातून हलवा. "असं काही मनात येतं का" असं सरळ विचारलं तर विचार येतो, ही समजूत चुकीची आहे. विचारलेलं बरं.

डॉक्टरकडे गेलात की "टेन्शन आहे" म्हणून गप्प बसू नका. रात्री किती वाजता जाग येते, जेवण किती घटलं, कोणतं काम करवत नाही, दारू किती, कर्ज आहे का, घरात मारहाण होते का, हे सांगा. मारहाणीचं सांगायचं असेल तर सोबतच्या माणसाला बाहेर बसवायला सांगा, डॉक्टर ऐकतात. आणि आधीच्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या पिशवीत घालून न्या. "ती बारकी गुलाबी गोळी" एवढ्यावरून मलाच काही कळत नाही, डॉक्टरांना काय कळणार?